बी.ए. इतिहास झालं, आता संख्याशास्त्राकडे जायचंय. वेडेपणा आहे का?

ओळीबाहेरची

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचक आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. चूकभूल द्यावी घ्यावी.

बी.ए. इतिहास पूर्ण झालं, निकालही बरा लागला. गणित दहावीला सोडलं ते कायमचंच. सोडताना झालेला आनंद अजून आठवतो. आणि आता मला संख्याशास्त्रात मास्टर्स करायचंय. हसून घ्या, मी थांबते.

हे खूळ कुठून शिरलं ते सांगते. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी शंभरेक वर्षांपूर्वीच्या मृत्यूनोंदणीच्या वह्या उतरवून काढत होते. नाव, वय, कारण, तारीख. दोन महिने तेच. चौथ्या वहीच्या सुमारास जाणवलं की माणसं तिसाव्या, पस्तिसाव्या, चाळिसाव्या वर्षी पटापट मरताहेत, पण एकतीस किंवा सदतीस वयाचं जवळजवळ कुणीच मरत नाहीये. आधी वाटलं, मीच उतरवताना चुकतेय. मग वहीच्या मागच्या पानावर वयांचे रकाने पाडून काड्या मारायला बसले. शून्य आणि पाचावर संपणाऱ्या वयांपुढे काड्यांची झुंबड, बाकीचे रकाने ओस.

गाईडना दाखवलं. म्हणाले, "लोकांना वय ठाऊक नसायचं, अंदाजे सांगायचे. तळटीप टाका." टाकली. पण डोक्यातून जाईना. अंदाजे म्हणजे किती अंदाजे? या वहीत जास्त आणि त्या वहीत कमी का? बायकांच्या नोंदींत आणखी जास्त का?

प्रकल्पाचं बाकी सगळं लिहिताना कंटाळा आला, काड्या मारताना आला नाही. माझ्याकडे पुरावा म्हणाल तर एवढाच. असं पूर्ण नव्या विषयात कुणी गेलंय का? काय अडलं? आणि सुरुवात नेमकी कुठून केलीत?

सरळमार्गी

वेडेपणा नाही, पण वळसा नक्कीच आहे. इतिहासातच मास्टर्स करा आणि संख्याशास्त्र हत्यार म्हणून शिका. लोकसंख्येचा इतिहास, आर्थिक इतिहास यांत हे सगळं लागतंच. हातची पदवी टाकून पुन्हा पहिलीत बसायची हौस कशाला?

हुकलेला_रुळ

वाचतोय. मी तत्त्वज्ञानवाला, मलाही हाच प्रश्न पडलाय.

आकडेमोड

ताई, तुमच्या काड्यांना नाव आहे! व्हिपल इंडेक्स. २३ ते ६२ वयाची सगळी माणसं मोजायची. त्यातली ० आणि ५ वर संपणाऱ्या वयांची वेगळी मोजायची. या दुसऱ्या आकड्याला पाचने गुणायचं, एकूण संख्येने भागायचं आणि शंभराने गुणायचं. सगळे खरं वय सांगत असतील तर उत्तर १०० च्या आसपास येतं. प्रत्येकाने गोल आकडाच सांगितला असेल तर ५००. १७५ च्या वर गेलं की वयं अगदीच कच्ची धरतात. जनगणनेचे आकडे तपासायला हे सर्रास वापरतात.

थोडक्यात, जे तुम्हाला तळटिपेत टाकायला सांगितलं त्यावर माणसांनी आयुष्यं घालवली आहेत.

ओळीबाहेरची

@आकडेमोड, मला दोन मिनिटं काही सुचलंच नाही. म्हणजे "किती अंदाजे" हे खरंच मोजतात!

@सरळमार्गी, तुमचा रस्ता शहाणपणाचा आहे हे कळतंय. पण मला हत्यार नुसतं चालवायचं नाहीये, ते कसं घडवतात तेही बघायचंय.

रात्रपाळी

मी साहित्यातून प्रोग्रॅमिंगला आले, नऊ वर्षं झाली. तुमच्या "काय अडलं?" याचं उत्तर देते, कारण मला जे अडेल असं सगळ्यांनी सांगितलं होतं ते अडलंच नाही.

सगळे म्हणाले, गणित अडेल. प्रत्यक्षात अडलं वाचणं. साहित्याच्या विद्यार्थिनीला काय येतं? वेगाने वाचता येतं. एका रात्रीत कादंबरी. एखादी ओळ कळली नाही तर पुढे जायचं, चार पानांनी संदर्भ आपोआप लागतो. तीन वर्षं हीच विद्या घोटलेली. तांत्रिक पुस्तकात नेमकी हीच दगा देते. तिथे तिसरी ओळ सुटली की तिसावं पान कळत नाही, आणि वाईट म्हणजे वाचताना कळल्यासारखं वाटत राहतं. भाषा सोपी असते ना! वाक्यं लहान, शब्द ओळखीचे. मी एका संध्याकाळी पंचवीस पानं "वाचली", खूश झाले, आणि खालचं पहिलं उदाहरण सोडवायला घेतलं तर सुरुवातच करता येईना. रडले. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्या पानापासून, पेन घेऊन. दिवसभरात दोन पानं झाली.

दोन पानं हाच तिथला खरा वेग आहे, हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर सहा महिने मी स्वतःला मठ्ठ समजले नसते. "हे सहज दिसून येईल की" असं जिथे लिहिलेलं असतं तिथे एक तास राखून ठेवायचा.

आकडेमोड

+१. माझी गणिताचीच पदवी आहे आणि "सहज दिसून येईल"ला अजूनही तासच लागतो.

रात्रपाळी

हे नऊ वर्षांपूर्वी कुठे होतात तुम्ही?

परतवारी

उलटी बाजूही लिहून ठेवतो. मी मानसशास्त्र करून डेटाच्या एका अभ्यासक्रमाला गेलो आणि एक सेमिस्टर करून परत आलो. संस्थेचं नाव घेत नाही. माहितीपत्रकात ठळक अक्षरांत होतं, "कुठल्याही शाखेचे पदवीधर चालतील." पहिल्याच तासाला फळ्यावर इंटिग्रल, म्हणजे वरच्या वर्गांचं गणित. मी हात वर करून विचारलं तर उत्तर आलं, "हे तुम्हाला यायलाच हवं." चालतील म्हणजे प्रवेश देऊ. शिकवू असं कुणी म्हटलंच नव्हतं. तेव्हा कुठेही अर्ज करण्याआधी माहितीपत्रक बाजूला ठेवा, पहिल्या सत्राचा अभ्यासक्रम आणि मागच्या वर्षांचे पेपर मागवा. पेपरातला प्रश्न सुटला नाही तरी हरकत नाही, निदान काय विचारलंय ते तरी कळायला हवं.

पण सगळा दोष त्यांचा नव्हता. मला "डेटावाला" व्हायचं होतं. रोज सकाळी उठून घाणेरडी कोष्टकं साफ करायची नव्हती, आणि कामाचा मोठा भाग तोच असतो. तुम्हाला काड्या मारायला आवडल्या, हे त्या दृष्टीने फार चांगलं लक्षण आहे. मला ती हौस नव्हती.

हुकलेला_रुळ

परत आल्यावर लोक काय म्हणाले?

परतवारी

पंधरा दिवस म्हणाले. मग विसरले.

कलमबहाद्दर

दारांबद्दल थोडं, कारण धाग्याच्या नावावर येऊन बाकीचेही वाचतील. सगळी दारं एकाच जाडीची नसतात. कायद्याला कुठलीही पदवी चालते: भारतात पदवीनंतर तीन वर्षांचा एलएल.बी. आहे, अमेरिकेत तर कायदा शिकायचाच मुळी पदवीनंतर, आणि ब्रिटनमध्ये बिगरकायदा पदवीधरांसाठी वर्षाचे कन्व्हर्जन, म्हणजे विषय बदलून घेणारे, अभ्यासक्रम आहेत. तसेच तिथे कम्प्युटर सायन्सचेही आहेत. ग्रंथालयशास्त्र, पत्रकारिता, समाजकार्य यांत तर कला शाखेचीच मंडळी जास्त.

वैद्यक दुसऱ्या टोकाला. भारतात बारावीच्या पातळीवर भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र केल्याशिवाय आत शिरता येत नाही. अमेरिकेत ते विषय पदवीनंतर वेगळे करून अर्ज करता येतो. ब्रिटनमध्ये पदवीधरांसाठी चार वर्षांचे वैद्यकीय अभ्यासक्रम आहेत आणि त्यातले काही कुठल्याही विषयाची पदवी घेतात.

संख्याशास्त्र यांच्या मधे कुठेतरी. तिथे पदवीच्या नावापेक्षा कोणते पेपर झालेत हे बघतात, आणि बहुतेक ठिकाणी ते पेपर म्हणजे कॅल्क्युलस (बदलाचं आणि क्षेत्रफळाचं गणित), लिनिअर अल्जेब्रा (मॅट्रिक्सचं गणित) आणि थोडी संभाव्यता. कॅल्क्युलस का, तर संभाव्यता म्हणजे वक्राखालचं क्षेत्रफळ. लिनिअर अल्जेब्रा का, तर रिग्रेशन (एका गोष्टीवरून दुसरीचा अंदाज बांधायची रीत) उघडून बघितलं की आत मॅट्रिक्सच, म्हणजे आकड्यांची कोष्टकंच असतात. विभागाला सरळ ईमेल टाका: "माझी पदवी ही, हे पेपर केले तर अर्ज विचारात घ्याल का?" लेखी उत्तर घ्या. फोनवर मिळालेलं "हो हो, चालतं" पुढे कुणाला आठवत नाही.

जुनी_वही

पोरी, घाबरू नकोस. आमच्या पिढीला ठाऊक असलेली नावं सांगतो. इरावती कर्वे फर्ग्युसनमध्ये तत्त्वज्ञान शिकल्या, १९२६ ला पदवी घेतली, मग मुंबईत घुर्यांकडे समाजशास्त्र, आणि तिथून १९२८ साली थेट बर्लिनला जाऊन मानवशास्त्रात कवट्यांची मोजमापं. तत्त्वज्ञानाची पदवीधर, हातात कॅलिपर! लुई द ब्रॉय हे फ्रेंच गृहस्थ आधी इतिहासाचे पदवीधर, मग भौतिकशास्त्रात आले. १९२४ चा डॉक्टरेटचा प्रबंध आणि १९२९ चं नोबेल. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ एडवर्ड विटनचीही पहिली पदवी इतिहासाची, १९७१ ची. १९९० साली त्याला फील्ड्स पदक मिळालं, म्हणजे गणितातला सर्वोच्च मान.

तिरकस_तळटीप

काका, दंडवत, पण मला या यादीची भीती वाटते. एकतर जे जाऊन हरवले त्यांची यादी कुणी करत नाही. वर परतवारी आहेत म्हणून निदान एक तरी कळला.

दुसरं म्हणजे या तिघांची घरं बघा. द ब्रॉयचा थोरला भाऊ मॉरिस भौतिकशास्त्रज्ञ, त्याची स्वतःची प्रयोगशाळा घरच्याच वाड्यात. विटनचे वडील सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ. इरावतीबाई वाढल्या गणितज्ञ रँग्लर परांजप्यांच्या घरात. तिघांच्याही जेवणाच्या टेबलावर मूर्ख प्रश्न विचारायची सोय होती! विषय बदलणाऱ्याला हुशारी कमी पडत नाही, ते टेबल कमी पडतं. वर्गात हात वर करायला लाज वाटते, कारण आजूबाजूची पोरं तीन वर्षं हेच शिकून आलेली असतात.

जुनी_वही

हे मला सुचलं नव्हतं. बरोबर बोललास. रँग्लर परांजप्यांकडे मूर्ख प्रश्न विचारायचं धैर्य कितीजणांना झालं असतं, हा मुद्दा अलाहिदा.

तिरकस_तळटीप

ठ्ठो!

आकडेमोड

अवांतर नाही, मुद्द्याचंच: इतिहास आणि संख्याशास्त्र यांच्यात आधीपासून पूल आहे. दामोदर कोसंबी गणितज्ञ. नाणी हातोहात फिरली की प्रत्येक वेळी किंचित झिजतात, म्हणजे जुन्या नाण्यांचं सरासरी वजन कमी होत जाणार आणि वजनांमधली तफावत वाढत जाणार. हे धरून त्यांनी प्राचीन नाण्यांच्या साठ्यांचा काळक्रम लावायचा प्रयत्न केला. हजारो नाणी तराजूत घालून. ते तिकडून इकडे आले, तुम्ही इकडून तिकडे निघालात.

आणि तुमचं जे मूळ शिक्षण आहे, साधनाची पारख, म्हणजे पुरावा कितपत भरवशाचा ते तपासणं, ते आमच्या वर्गात फार थोडं शिकवतात. १९३६ च्या अमेरिकन निवडणुकीआधी लिटररी डायजेस्ट या साप्ताहिकाने जवळपास एक कोटी लोकांना मतपत्रिका पाठवल्या. वीस लाखांहून जास्त परत आल्या. त्यावरून त्यांनी सांगितलं, रूझवेल्टविरुद्ध उभा असलेला लँडन जिंकणार. रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यं जिंकला. नावं घेतली होती टेलिफोनच्या आणि मोटारींच्या याद्यांतून, मंदीच्या काळात! वर ज्यांना रूझवेल्टचा राग होता तेच उत्तर पाठवायला जास्त उत्सुक. इतिहासाचा विद्यार्थी पहिला प्रश्न काय विचारेल? "ही यादी कुणी केली आणि कोण सुटलं?" तो प्रश्न तुम्हाला फुकट येतो. आम्हाला मुद्दाम आठवावा लागतो.

सरळमार्गी

हे छान आहे, पण साधनाची पारख येते म्हणून इंटिग्रेशन येत नाही. उगाच हरभऱ्याच्या झाडावर चढवू नका तिला.

आकडेमोड

सहमत. इंटिग्रेशनला पर्याय नाही.

ओळीबाहेरची (तीन आठवड्यांनी)

मंडळी, गायब नव्हते. दोन विभागांना ईमेल टाकली. एकाने उत्तरच दिलं नाही. दुसऱ्याचं दोन ओळींचं आलं: कॅल्क्युलस आणि लिनिअर अल्जेब्रा हे पदवीच्या पातळीचे दोन पेपर कुठूनही उत्तीर्ण होऊन या, मग अर्ज बघू. मी ते पत्र छापून भिंतीला लावलंय.

अकरावीचं पुस्तक आणलं. रात्रपाळीताई, तुमची दोन पानं मला चैन वाटली. पहिल्या आठवड्यात माझी एकूण चार पानं झाली. आठवड्यात. अपूर्णांकांचा भागाकार विसरले होते, म्हणून मधेच सातवीच्या पुस्तकापर्यंत खाली उतरावं लागलं. शेजारच्या मुलीचं पुस्तक मागून आणलं, कारण विचारलं तर "भाचीसाठी" असं सांगितलं.

आता टेबलावरचा मूर्ख प्रश्न. प्रमाण विचलन (आकडे सरासरीपासून किती विखुरलेत त्याचं माप) काढताना सरासरीपासूनच्या फरकांचे वर्ग करतो, बेरीज करतो, आणि मग भागतो. पाच आकडे असतील तर पाचाने भागायला हवं ना? पुस्तक म्हणतं, चाराने. कारण दिलंय, "एक स्वातंत्र्य कमी होतं म्हणून." कसलं स्वातंत्र्य? कुणाचं गेलं?

आकडेमोड

मूर्ख नाही, कित्येकजण पदवी घेतात आणि हा प्रश्न विचारतच नाहीत. कागद घ्या. पाच आकडे आहेत, सरासरी १०. चार सांगतो: ८, ९, ११, १५. पाचवा किती?

ओळीबाहेरची

बेरीज ५० हवी. चारांची ४३. म्हणजे ७.

आकडेमोड

मी तर पाचवा सांगितलाच नव्हता. सरासरी त्याच आकड्यांवरून काढली की शेवटच्या आकड्याला स्वतःचं मत उरत नाही. फरक बघा: उणे २, उणे १, १, ५ आणि उणे ३. बेरीज शून्य, नेहमीच. म्हणजे फरक पाच दिसतात, पण नवी माहिती चारच देतात. शिवाय सरासरी याच पाचांतून काढलेली असल्याने ती त्यांच्या जवळच पडते, खऱ्या सरासरीपेक्षाही. त्यामुळे वर्गांची बेरीज जराशी कमीच भरते. पाचाने भागलं तर पसारा आहे त्याहून लहान दिसेल. चाराने भागून ती तूट भरून काढायची.

ओळीबाहेरची

थांबा थांबा. आमच्याकडे पाच बखरी एकाच लढाईचं वर्णन करत असतील आणि पाचवी बाकीच्या चारांवरूनच रचलेली निघाली, तर आम्ही पाच साधनं धरत नाही. चारच धरतो. पाचवी साक्षीदार नाही, नक्कल आहे. हे तेच ना?

आकडेमोड

परीक्षेत असं लिहू नका, शून्य मिळेल. पण तुम्हाला कळलंय.

रात्रपाळी

मी हे आत्ता पहिल्यांदा समजले. नऊ वर्षं. प्रोग्रॅममधलं तयार फंक्शन नुसतं बोलवत होते.

हुकलेला_रुळ

बखरीवालं वाक्य वहीत उतरवून घेतलं. ताई, मीही परवा एका विभागाला ईमेल टाकली. मजकूर कलमबहाद्दरांचा जसाच्या तसा, फक्त विषय बदलून.

कलमबहाद्दर

रॉयल्टी राहिली.

ओळीबाहेरची (आणखी पाच महिन्यांनी)

धागा वर काढतेय. दोन्ही पेपरांचे फॉर्म भरले. दरम्यान एक केलं. ती जुनी वही काढली आणि व्हिपल इंडेक्स लावला. २३ ते ६२ मधली ४१२ माणसं, त्यातली ० आणि ५ वाली २३१. उत्तर २८०. हाताने दोनदा केलं, दोन्ही वेळा तेच. आता बायकांचा आणि पुरुषांचा वेगळा काढतेय. गाईडना कळवलं नाही, आधी तिसऱ्यांदा करून बघते.

परतवारी

२८०! म्हणजे ती माणसं वय सांगत नव्हती, गोल आकडा सांगत होती. पण मला एक सांगा, २३ आणि ६२ च का? २० ते ६० सरळ का नाही घेत?

ओळीबाहेरची

यावर दोन दिवस घालवलेत, म्हणून सांगायला आवडेल. २३ ते ६२ ही बरोबर चाळीस वयं आहेत, आणि ० ते ९ यातला प्रत्येक शेवटचा अंक त्यात चारदाच येतो, कुणाला झुकतं माप नाही. २० ते ६० घेतलंत तर एक्केचाळीस होतात आणि शून्यवाली एक जास्त पडते. शिवाय २५ सांगणारा खरा २३ ते २७ मधला कुणीही असू शकतो, ६० सांगणारा ५८ ते ६२ मधला, तेव्हा दोन्ही टोकांना दोन-दोन वर्षं सोडलेली आहेत. लहान मुलांच्या आणि फार म्हाताऱ्यांच्या वयांत वेगळ्याच जातीच्या चुका असतात, म्हणून ती मुळातच घेत नाहीत.

जुनी_वही

पेपर कधी आहे गं?

ओळीबाहेरची

सोमवारी, काका. कॅल्क्युलस आधी. आज साखळी नियमावर अडलेय, तासभराने इथेच विचारते.